गावात प्रकल्प आला, आता मागायचं काय?

पैनगंगाकाठ | रवि, सकाळी 9:12

नमस्कार मंडळी. गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, घाटावरचं. मी पोटापाण्यासाठी पुण्यात, पण दीड एकर अजून वडिलांच्या नावावर आहे. पोकराच्या दुसऱ्या टप्प्यात आमच्या गावाचं नाव आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, जागतिक बँकेच्या कर्जातून चालतो. पहिला टप्पा 2018 ला सुरू झाला, त्यात 15 जिल्हे, पाच हजारांवर गावं आणि साधारण 4000 कोटींचा खर्च होता. दुसऱ्यात 21 जिल्हे आहेत.

चुलते ग्रामपंचायत सदस्य आहेत. त्यांचा फोन आला, "सूक्ष्म नियोजनाची ग्रामसभा लागणार हाय. तू ये, चार शब्द बोल." (सूक्ष्म नियोजन म्हणजे प्रकल्पातून गावात कोणती कामं घ्यायची ते ठरवणं.) पण बोलू काय?

शेजारचं गाव पहिल्या टप्प्यात होतं. परवा मुद्दाम फिरून आलो. रस्त्यालगत ठिबक दिसलं, दोन शेडनेट (एकाचं कापड फाटून फडफडतंय), अस्तर टाकलेली शेततळी, मोसंबीच्या नव्या बागा. सगळं छान. मग मागच्या वस्तीत गेलो, जिथं मजुरांची घरं आहेत. दिवाळीनंतर तिथली निम्मी दारं बंद असतात ती तशीच. एका म्हाताऱ्याला विचारलं, प्रकल्प आला होता ना? म्हणाला, "आला व्हता. आमच्या आळीतून नाय गेला."

तर सरळ विचारतो. शेती सुधारली की गावातली गरिबी कमी होते, हे अशा प्रकल्पांचं गृहीतक. तुमच्या डोळ्यांसमोर तसं झालंय का? आणि मी ग्रामसभेत नेमकं काय मागू?

---

मिसळ_पाहिजे | रवि, 9:20

पहिला नंबर माझा. चहा घेऊन बसलोय, भांडा.

---

ठिबकराव | रवि, 10:05

देऊळगाव राजाच्या बाजूचा शेतकरी आहे, त्यामुळे फाटलेलं शेडनेट कोणाचं असेल याचाही अंदाज आहे, हा हा.

पण भाऊ, रस्त्यावरून पाहून निकाल देऊ नका. माझं दहा गुंठ्यांचं शेडनेट आहे. कंपन्यांसाठी मिरची-टोमॅटोचं संकरित बियाणं करतो. आत काय काम असतं माहीत आहे? मादीच्या झाडावरची कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्यानं हलकेच उघडायची, पुंकेसर काढून टाकायचे आणि खुणेला रंगीत दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलाचा पराग तिथं लावायचा. एकेक कळी. हे काम मशीन करत नाही, पुरुषांच्या हातालाही जमत नाही. हंगामात रोज पाच-सहा बाया माझ्याकडे असतात, त्याही सावलीत. त्यांच्यातल्या दोघी आधी नवऱ्याबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायच्या. आता जात नाहीत.

अनुदान मला मिळालं, खरं आहे. पण मजुरी कोणाला मिळाली? दहा गुंठ्यांत सोयाबीन पेरलं असतं तर वर्षाला किती रोज निघाले असते ते पण मोजा.

---

कोरडवाहू | रवि, 10:48

ठिबकराव, तुमचं शेडनेट खरं, बायांचं काम पण खरं. पण शेडनेट तुम्हालाच का मिळालं ते सांगायचं राहिलं.

पद्धत अशी आहे : पोर्टलवर अर्ज, पूर्वसंमती, मग *स्वतःच्या पैशानं* खरेदी, बिलं अपलोड, मोका तपासणी आणि त्यानंतर खात्यात अनुदान. मधले महिने पैसा कोणाचा? ज्याच्याकडे आहे त्याचा. दोन एकरवाल्याला 75 टक्के अनुदान आहे म्हणता, पण आधी 100 टक्के खिशातून काढायचे! माझ्या ओळखीतल्या एकानं दुकानदाराकडून ठिबक उधारीवर उचललं. दुकानदारानं बिल फुगवलं, अनुदान आलं ते थेट त्याच्या घशात. शिवाय पाइप पातळ. दोन उन्हाळ्यांत उंदरांनी खाल्ले.

कागदावर "अल्पभूधारकांना प्राधान्य" असतं. पूर्वसंमतीच्या यादीत त्यांची नावं दिसतातही. पैसे मिळालेल्यांची यादी काढा आणि शेजारी ठेवा.

---

ठिबकराव | रवि, 11:02

@कोरडवाहू, मला काय बँकेनं बोलावून दिले का पैसे? एका बँकेनं चार वेळा कागद मागितले आणि पाचव्यांदा साहेबांची बदली झाली म्हणून सांगितलं. शेवटी मेहुण्यानं दिले. मेहुणा चांगला निघाला हा काय माझा गुन्हा आहे?

---

कोरडवाहू | रवि, 11:09

गुन्हा नाही हो. पण ज्याला मेहुणा नाही त्याच्यासाठी प्रकल्पात कोणता घटक आहे?

---

मिसळ_पाहिजे | रवि, 11:11

"मेहुणा अनुदान योजना". जीआर निघाला की कळवा.

---

आकडेमोड | रवि, 12:30

थोडं आकड्यांवर येऊ या. राष्ट्रीय नमुना पाहणीची 77 वी फेरी, 2019 सालची. देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये. त्यात पिकातून 3,798 आणि मजुरी-पगारातून 4,063. जनावरांचे 1,582, बाकी किरकोळ. म्हणजे ज्यांना आपण *शेतकरी* म्हणतो त्यांच्याही घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो. भूमिहीन यात धरलेलेच नाहीत.

2015-16 च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर आहे. एवढ्याशा तुकड्यावर कोरडवाहू सोयाबीनचं उत्पादन समजा दीडपट झालं, तरी घरात किती रुपये वाढतील? त्यात 2025-26 चा हमीभाव 5328 आणि बाजारात त्याच्या खाली विक्री.

त्यामुळे एखाद्या प्रकल्पानं गरिबी किती हटली हे बघायचं असेल तर मी पहिल्यांदा विचारीन की गावात मजुरीचे दिवस वाढले का, दर वाढला का. हेक्टरी उत्पादन नंतर. ठिबकरावांचा मुद्दा याच अर्थानं मला पटतो. फक्त त्यांच्या शेडनेटमुळे बाया टिकल्या, तशा ठिबकमुळे किती टिकल्या? ठिबकनं पाणी द्यायचा गडी कमी होतो.

---

रानभाजी | रवि, 12:41

आणि तणनाशक? आमच्याकडे निंदणीला पावसाळ्यात वीस-वीस बायांची टोळी असायची. आता एक माणूस पाठीला पंप लावतो आणि दोन दिवसांत रान साफ. अवजार बँक आली, कापणीला हार्वेस्टर आला. शेतकऱ्याचा खर्च वाचला, कबूल. पण तो खर्च म्हणजेच त्या बायांची कमाई होती. प्रकल्प अहवालात "उत्पादन खर्चात बचत" हा फायदा म्हणून लिहितात.

---

बांधावरचा | रवि, 12:55

मजूर मिळतच नाहीत म्हणून यंत्र आणतो शेतकरी. हौस नाही. आता तर दर महिन्याला 1500 घरबसल्या...

---

रानभाजी | रवि, 12:58

1500 रुपयांत महिना काढून दाखवा, मग बोलू.

---

बांधावरचा | रवि, 13:01

मी फक्त वस्तुस्थिती सांगितली. सोयाबीन सोंगायला एकरी काय भाव मागतात ते विचारा कोणालाही.

---

संपादक_पाळीवर | रवि, 13:15

लाडक्या बहिणीवर चार धागे आधीच वाहताहेत. इथे नको. यापुढचे प्रतिसाद उडवले जातील.

---

पशुसखी_धाराशिव | रवि, 15:40

मी उमेदमध्ये (बचत गटांचं सरकारी अभियान) पशुसखी आहे, गावातल्या जनावरांची प्राथमिक काळजी बघते. दुपारी मोकळी झाले म्हणून लिहिते, मोबाइलवर टाइप करतेय, चुका समजून घ्या.

वरच्या सगळ्या चर्चेत भूमिहीनाला काय मिळालं यावर कोणी आलं नाही. मिळतात शेळ्या. पोकराच्या पहिल्या टप्प्यातसुद्धा भूमिहीन, विधवा, परित्यक्ता यांच्यासाठी शेळ्या, परसातल्या कोंबड्या असं होतं. कल्पना चांगली आहे. उस्मानाबादी शेळी आमच्या भागातलीच, कमी चाऱ्यावर जगते, बहुतेक वेळा जुळी करडं देते. बाईच्या हातात पैसा येतो. बोकड ईदच्या आधी विकला तर चांगले पैसे होतात.

पण होतं काय? मार्च संपत आला की सगळीकडे एकदम वाटपाची घाई. एकाच वेळी सगळ्यांना शेळ्या घ्यायच्या म्हणून बाजारात भाव चढतात. व्यापारी चार बाजारांतली जनावरं एकत्र करून आणतो, लस कुठली टोचली कोणाला माहीत नाही. प्रवासात दमलेली जनावरं नव्या गोठ्यात येतात, वर पहिला पाऊस. नाकातून शेंबूड, जुलाब, तोंडात फोड. पीपीआर, शेळ्यांचा साथीचा रोग. आठ दिवसांत कळपातली निम्मी जातात. विम्याला कानातला बिल्ला दाखवावा लागतो, बाईनं मेलेली शेळी बिल्ल्यासकट पुरलेली असते. मग कुठे फिरायचं?

माझ्याकडे ज्या बायांच्या शेळ्या टिकल्या त्या कोण? ज्यांच्या दारात आधीच एक-दोन शेळ्या होत्या. त्यांना आजार कळतो, कोवळा चारा किती द्यायचा कळतं. नवख्या बाईला एकदम कळप देऊ नका, आधी एक गाभण शेळी द्या, वर्ष जाऊ द्या.

दुसरं, पैनगंगाकाठ दादा, तुमच्या ग्रामसभेसाठी हे खास. पाणलोटाची कामं ठरवताना कोणीतरी उठून म्हणणार, चराईबंदी करा. माळावर गवत वाढेल, माती थांबेल, सगळं खरं. पण त्या माळावर कोणाच्या शेळ्या चरतात? ज्यांना स्वतःचा बांध नाही त्यांच्या. एका हातानं शेळी द्यायची आणि दुसऱ्या हातानं गायरान बंद करायचं, असं आमच्या शेजारच्या गावात झालंय. बंदी करायची तर पाळीपाळीनं करा, एक भाग बंद तर दुसरा उघडा. आणि कापून नेण्याच्या गवतावर पहिला हक्क शेळीवाल्या बायांचा, हे ठरावात *लिहून* घ्या. तोंडी नको.

---

कोरडवाहू | रवि, 15:52

ताई, दंडवत. धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

---

वऱ्हाडी_ठेचा | रवि, 16:30

शेळीचं निघालं तं 2006 च्या गाई काहून विसरले तुमी? पंतप्रधान आलते, 3750 कोटीचं प्याकेज, सहा जिल्हे. त्यात निम्म्या अनुदानावर संकरित गाई. आमच्या घरी आली एक. तिले ढेप पायजे, हिरवा चारा पायजे, सावली पायजे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, मानसाले पानी नाही तं गाईले कुठून देता? दूध निंघालं थोडंबहुत, तं घ्याले कोनी नाही. डेरी तालुक्याले. तेथपर्यंत नेता नेता नासे. बाबानं दिवाळीच्या आत इकून टाकली. घेनारा पश्चिम महाराष्ट्राचा व्यापारी. म्हनजे गाय आपल्या माहेरी गेली परत.

---

मिसळ_पाहिजे | रवि, 16:34

गाय माहेरी गेली :) :)

---

खेडा_ते_आणंद | रवि, 17:20

वऱ्हाडी भाऊंनी हसत हसत मूळ दुखणं सांगितलं. दूधमहापूर योजना 1970 ला सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधी खेडा जिल्ह्यात दूध संघ उभा होता. 1946 पासूनचा. कुरियन यांनी गुजरातेत घरोघर म्हशी वाटल्या नाहीत. गावात सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घेणारं केंद्र उभं केलं, फॅट बघून पैसे दिले. दूध विकलं जाणार याची खात्री झाल्यावर जनावर लोकांनी आपल्या हिमतीवर घेतलं, एका म्हशीवाल्या भूमिहीनानंसुद्धा. आपल्याकडे आधी जनावर, मग बाजार "बघू".

शेतमालाचंही तेच. शेतकरी कंपन्या हजारोंनी नोंदवल्या, कित्येकींचं काम गोदामाच्या उद्घाटनाच्या फोटोपुढे गेलेलं नाही.

---

जुना_बांध | रवि, 19:05

कृषी खात्यातून निवृत्त आहे. नोकरीत असताना बोलता येत नव्हतं, आता हात मोकळे.

पैनगंगाकाठ, तुमचा प्रश्न नवा नाही. 1972 च्या दुष्काळात लोक खडी फोडत होते. त्यातून वि. स. पागे यांची रोजगार हमी राज्यभर गेली, 1977 ला कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून अंमल. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. त्या कामांत चोऱ्या झाल्या, निकृष्ट कामं झाली, मी स्वतः मापं घेतली आहेत, मला सांगायची गरज नाही. पण त्यात एक गोष्ट होती. कामावर यायला सातबारा लागत नव्हता. सगळ्यात गरीब माणूस सगळ्यात आधी यायचा, कारण इतर कोणाला ते उन्हातलं काम नकोच होतं.

1990 ला त्याला फळबाग जोडली. स्वतःच्या रानात खड्डे खोदायचे आणि मजुरी सरकारकडून घ्यायची. बघा, इथं "आधी खर्च करा" नव्हतं. कोकणात आंबा-काजू, सांगोल्याकडे डाळिंब वाढलं त्यात या योजनेचा मोठा वाटा आहे. लहान शेतकऱ्याला झाड मोठं होईपर्यंतचे उपाशी दिवस मजुरीनं भागवता आले.

दुसरं उदाहरण पुरंदरचं. विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत, नायगाव, 1974 च्या आसपासची. नियम असे : पाणी जमिनीच्या हिशेबानं द्यायचं नाही, माणसाच्या हिशेबानं द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. आणि भूमिहीनालाही वाटा. गावातल्या वीस एकरवाल्याला हे काय आवडणार? तरी झालं.

त्यानंतर आलेल्या किती प्रकल्पांत तुम्ही "भूमिहीनाचा पाण्यात वाटा" हे शब्द वाचलेत? मी तरी मार्गदर्शक सूचनांच्या ढिगाऱ्यात वाचले नाहीत. पाणी अडवायचा खर्च सार्वजनिक, आणि मुरलेलं पाणी ज्याची विहीर खाली त्याचं. इथंच सगळं अडतं.

---

शहाणपट्टी | रवि, 19:11

हिवरे बाजार बघा म्हणावं. विषय संपला.

---

कोरडवाहू | रवि, 19:18

आलं हिवरे बाजार. उशीरच झाला म्हणायचा. दर गावाला पोपटराव पवार कुठून आणायचे?

---

जुना_बांध | रवि, 19:40

@कोरडवाहू, पोपटराव आणता येणार नाहीत, पण त्यांच्या गावातले नियम आणता येतात. सिंचनासाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा. पाऊस कमी पडला की रब्बीचं क्षेत्र त्याप्रमाणे कमी. लोक तिथे सहलीला जातात, डोंगरावरचे चर बघून येतात आणि गावी येऊन चर खोदतात. बोअरबंदीचं नाव कोणी काढत नाही. पोकरातही पाण्याचा ताळेबंद काढतात, आयआयटी मुंबईनं त्याची पद्धत बसवून दिली आहे. कागद तयार होतो. त्यावरून एखाद्याचं पीक बदललं, असं मात्र मी पाहिलेलं नाही.

---

भूजल_काका | रवि, 20:15

आता शेततळ्यावर बोलतोच, कारण सूक्ष्म नियोजनात सगळ्यात जास्त मागणी त्याचीच येते.

शेततळं मूळ कल्पनेत पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायला. प्रत्यक्षात आपल्या पठारावर प्लॅस्टिकचं अस्तर टाकलेलं तळं पावसाच्या ओघानं क्वचितच भरतं. ऑगस्ट-सप्टेंबरात विहिरीवर नाहीतर बोअरवर मोटर लावून भरतात. जमिनीच्या पोटातलं सगळ्यांचं पाणी उपसून एकाच्या ताब्यात, वर उन्हात उघडं ठेवून वाफ होऊ द्यायचं. शेजाऱ्याच्या हंड्यातलं आपल्या हंड्यात ओतायचं आणि पाणी वाढलं म्हणून अहवाल द्यायचा, तसला प्रकार. ज्याचं तळं मोठं त्याची बाग उन्हाळ्यात जगते, खालच्या अंगाच्या दीड एकरवाल्याची विहीर जानेवारीतच तळ गाठते.

कडवंचीचं नाव घेणार कोणीतरी, म्हणून आधीच सांगतो. जालन्याच्या त्या गावात आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचं काम झालं, इंडो-जर्मन कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली. द्राक्ष आणि शेततळी त्यानंतर. आपण शेवटचं पान आधी वाचतो.

---

ठिबकराव | रवि, 20:31

काका, माझं पण शेततळं आहे आणि मी विहिरीवरूनच भरतो. पण मग करायचं काय? पाऊस सप्टेंबरमध्ये दडी मारतो, बियाण्याचं पीक कंपनीच्या करारावर असतं. तळं नसेल तर करार मोडतो, आणि मग त्या पाच-सहा बायांचं काम पण जातं. तुम्ही म्हणता तसं सगळं बंद केलं तर सगळे सारखेच गरीब राहू.

---

भूजल_काका | रवि, 20:44

बंद करा कुठे म्हणालो? आकार ठरवा. गावात किती तळी, केवढी, कोणत्या महिन्यापर्यंत भरायची, हे ग्रामसभेनं ठरवावं. तुमच्यासारखा माणूस तिथे उठून "माझं तळं एवढंच ठेवतो" म्हणाला तर बाकीचे ऐकतील.

---

ठिबकराव | रवि, 20:46

मी एकटा म्हटलं तर गावातले उरलेले पाणी ओढून नेतील. सगळ्यांना एकदम लागू होत असेल तर मी सही करतो.

---

डोंगरवाट | रवि, 21:30

सगळी चर्चा पठारावर चाललीय. जव्हारकडचं सांगतो. बाएफ या संस्थेची वाडी योजना, 1982 मध्ये गुजरातच्या वांसद्यात सुरू झाली, मग आमच्याकडे. एका एकरात आंबा-काजू, कडेनं जंगली झाडं, पहिली वर्षं मधल्या जागेत भाजी-नाचणी. पुढे नाबार्डनं आदिवासी विकास निधीतून ती देशभर नेली.

माझ्या मामाची वाडी आहे. पहिल्या उन्हाळ्यांत मामी घड्यानं पाणी वाहून रोपं जगवायची. झाडं धरली. आंब्याचे पैसे मे महिन्यात येतात, नेमके बियाण्या-खताच्या वेळी, त्यामुळे सावकाराकडे जाणं सुटलं. श्रीमंत झाला का? अजिबात नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचा, ते थांबलं. पोरं एका जागी शाळेत राहिली. मी त्याला गरिबी कमी होणं म्हणतो. ज्यांची जमीन फॉरेस्ट प्लॉटची होती आणि नावावर व्हायची बाकी होती, त्यांना मात्र तेव्हा वाडी मिळाली नाही.

---

कोयत्याचा_मुलगा | रवि, 22:50

बीड. आईबाप ऊसतोड. मी आता सरकारी नोकरीत.

खरं लिहू का? आमच्या घरची गरिबी कुठल्या कृषी प्रकल्पानं गेली नाही. रेशनचं धान्य होतं म्हणून उपाशी राहिलो नाही, आणि मला वसतिगृह मिळालं म्हणून कोप्यावर (ऊसतोडीच्या झोपड्यांवर) जावं लागलं नाही. दसऱ्याच्या आधी मुकादम उचल देऊन जायचा, ती लग्नात नाहीतर दवाखान्यात संपायची आणि मग सहा महिने ती फेडायला ऊस.

पण एक सांगतो, मनरेगातून बापाच्या एकरभर रानात विहीर झाली. तेव्हा मी शिकत होतो. विहिरीनंतर बापानं तुती लावली. रेशीम. जालन्यात कोष बाजार 2018 ला झाला, त्याआधी लोक माल घेऊन कर्नाटकात रामनगरला जायचे. अळ्या चौथ्या कातीनंतर रात्रंदिवस पाला खातात, शेडमध्ये पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, आणि त्या आठ-दहा दिवसांत घरातल्या कोणाला झोप नसते. पण बॅच निघाली की महिन्या-दीड महिन्यानं हातात रोख. बापानं मुकादमाला सांगितलं, यंदा नाही. पहिल्यांदा.

म्हणजे शेतीनं काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. पण आमच्याकडे विहीर फुकट झाली, मजुरी मिळत मिळत झाली, आणि माल विकायला जागा जवळ आली. तिन्ही जुळलं. आमच्या भावकीतल्या ज्यांना जमीनच नाही ते अजून जातात. त्यांच्यासाठी मी प्रकल्प नाही मागणार. त्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह मागीन, ते कृषी खात्यात बसत नसेल तरी.

---

रानभाजी | रवि, 22:58

_/\_

---

आकडेमोड | सोम, 8:10

"उचल नाकारली" हे फार चांगलं मोजमाप आहे. सरासरी उत्पन्नाच्या टक्क्यांपेक्षा गावातून यंदा किती कोयते गेले हा आकडा ग्रामसेवकाला विचारला तरी प्रकल्प कुठवर पोचला ते कळेल.

---

बांधावरचा | सोम, 8:25

सगळं ठीक. पण जागतिक बँकेचं कर्ज फेडणार कोण? आपणच ना? कोणी बोलत नाही.

---

मिसळ_पाहिजे | सोम, 8:27

तुमच्या मेहुण्याला विचारा.

---

पैनगंगाकाठ | सोम, 13:30

सगळ्यांचे आभार. चुलत्यांना हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. चराईबंदीवर ते म्हणाले, "हे आपल्या ध्यानातच नव्हतं." शेततळ्याच्या मर्यादेवर गप्प बसले. त्यांचंच एक मंजुरीत आहे.

सध्या मी मांडायचं ठरवलंय ते असं. माथ्यावरची पाणलोटाची कामं आधी, तीही रोजगार हमीच्या मजुरीतून, यंत्रानं नाही. शेततळ्यांचा आकार आणि भरायची शेवटची तारीख गावाच्या ठरावानं. गायरानाची पाळी आणि गवताचा हक्क लेखी. आधी खर्च करायला पैसे नाहीत त्यांच्यासाठी बचत गटाच्या ग्रामसंघाकडून तात्पुरतं कर्ज निघतं का ते बघतोय, नाहीतर कोरडवाहू म्हणतात तसं दुकानदार बसलाच आहे. भूमिहीनाचा पाण्यात वाटा हे बोलायची हिंमत होते का ते तिथे गेल्यावर कळेल.

आमच्याकडे हे सगळं बोलणार कोण, तर मी, पुण्याहून गेलेला. मागच्या वस्तीतलं कोणी ग्रामसभेला येतच नाही.

---

पशुसखी_धाराशिव | सोम, 14:05

येत नाही कारण सभा अकरा वाजता ठेवतात, तेव्हा ती माणसं रानात असतात. संध्याकाळी सातनंतर घ्या, शनिवारी नको. आणि ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायचा नियम ग्रामपंचायत कायद्यातच आहे. ती वस्तीतल्या समाजमंदिरात घ्या म्हणावं. मंदिराच्या ओट्यावर घेतली तर सगळ्या येणार नाहीत, कारण तुम्हाला माहीत आहे.

---

पैनगंगाकाठ | सोम, 14:40

ताई, चुलत्यांना आत्ताच विचारलं. महिला सभा म्हणे गेल्याच आठवड्यात "झालेली आहे". आईला विचारलं, तिला पत्ताच नाही.

---

जुना_बांध | सोम, 14:52

झाली असेल तर इतिवृत्त असणार, आणि त्यात सह्या-अंगठे असणार. कोणाचे आहेत ते बघा.

---

पैनगंगाकाठ | सोम, 14:55

नक्कल मागायला काय करावं लागतं?

---

जुना_बांध | सोम, 15:01

ग्रामपंचायतीच्या नावे साधा अर्ज. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का मारून पोच घ्या. अर्ज आईच्या नावानं करा, तुमच्या नको. तुमचं मतदान पुण्यात असेल तर तेवढ्यावरूनच परत पाठवतील.

---

वऱ्हाडी_ठेचा | सोम, 15:10

अन शनवारी जाऊ नोका, ग्रामसेवक नसते.